माझ्या गॅरेजमधला कापूस

माझ्या सख्ख्या मोठ्या भावाने मला फसवलं. हे मी रागाच्या भरात लिहीत नाही. रागाच्या भरात जे बोलायचं ते त्याच्या अंगणात, त्याच्या होणाऱ्या व्याह्यांसमोर बोलून झालं आहे.

मी चिखलीत जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा धंदा करतो. मोडीत निघालेली गाडी घ्यायची, खोलायची, कामाचे भाग वेगळे काढून विकायचे. आमची वाटणी झाली तेव्हा विहिरीखालचं रान भावाकडे गेलं आणि माझ्याकडे मुरमाचा तुकडा आला. तो विकून मी तालुक्याला आलो. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. म्हणजे म्हणायचं आहे, पण ते प्रकरण वेगळं आहे.

दुकान टाकण्याआधी मी दुसऱ्याची जीप चालवायचो, बुलढाणा ते चिखली. आत मावतील तेवढे आत, उरलेले मागे लटकून. पुढे ती जीप विकली गेली, मग आणखी कुणाला विकली गेली. पुष्कळ वर्षांनी ती मला देऊळघाटजवळच्या एका शेतात सापडली. मागच्या सीटवर कोंबड्या बसत होत्या. मालक म्हणाला, "कोंबड्यांसकट घेऊन जा." मी म्हणालो, कोंबड्या ठेव, त्यांच्या बदल्यात स्टेपनी दे. तो बिचारा हो म्हणाला. मी असा सौदा करतो. हे एवढ्यासाठी सांगितलं की भावाने ज्याला फसवलं तो काही भोळा माणूस नव्हता.

जीपसाठी मी घरामागे गॅरेज बांधलं. वर पत्रे, समोर शटर, छताला इंजिन उचलायची साखळी आणि मधोमध गाडीखाली उभं राहून काम करायला खड्डा, त्यात उतरायला पायऱ्या. गवंड्याने मला विचारलं की पाण्याची टाकी असेल तर पायऱ्या कशाला. बायको म्हणाली, "लोक घर बांधल्यावर देवघर बांधतात." मी तिला सांगितलं की देवघरात ग्रीस चालत नाही. दुकानात मी दिवसभर गाड्या खोलतो. चांगल्या चांगल्या गाड्या मी खोलल्या आहेत. गॅरेजमध्ये मला एक गाडी जोडायची होती. एवढंच होतं.

चिखलीत जुन्या गाड्यांचा नाद असलेले आम्ही थोडे लोक आहोत. रविवारी ते माझ्याकडे जमायचे. एक निवृत्त मास्तर आपली जुनी मोटार घेऊन यायचे, खड्ड्यावर उभी करायचे आणि खाली उतरून शांत उभे राहायचे. दुरुस्ती काही नसायची. "खालून बघितलं की बरं वाटतं," म्हणायचे.

जीपचं इंजिन मी स्वतः उतरवलं. सिलिंडर आतून झिजले होते, म्हणून इंजिनाचा ब्लॉक नांदुऱ्याला एका लेथवाल्याकडे नेला आणि नव्याने कातून आणला. लेथवाला म्हणाला, "हे शेवटचं हाय, भाऊ. याच्यापुढं लोखंडच उरत नाई. आतून स्लीव्हची नवी नळी टाकाले जागा नाई. जपा." मी जपलं. घरी आणून ब्लॉक मागच्या भिंतीशी स्टँडवर बसवला, सिलिंडरना आतून तेल चोपडलं, वरून तेलात भिजवलेलं गोधडीचं फडकं गुंडाळलं. पिस्टन आणि रिंगा यायच्या होत्या. त्या आल्या की आत बसवून इंजिन जोडून टाकायचं.

रिंगांच्या आधी भाऊ आला. ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या कापूस घेऊन, न कळवता. संक्रांत नुकतीच झाली होती.

आमच्याकडे कापूस वेचला की लगेच विकायचा नसतो. घरात भरून ठेवायचा आणि भाव चढायची वाट बघायची. बैठकीत भरतात, माडीवर भरतात, ज्या खोलीत सून नांदायला यायची त्या खोलीत भरतात. भावाच्या घरी यासाठी एक मोठी खोली आहे, आमच्या वडिलांपासूनची. मी विचारलं, तिचं काय झालं?

"तिचं काम काढलं," भाऊ म्हणाला. "भिंत फुगली. थोडे दिवस तुह्या इथं टाकतो."

"इथं वेल्डिंग चालते, दादा. ग्राइंडर चालतो. ठिणगी उडाली तर कापूसही जाईल आणि मीही."

"मंग थोडे दिवस नको चालवू. तुही जीप कुठं पळून जाऊन राह्यली? तिले तर चाकंई नाईत."

चाकं होती. उतरवून ठेवली होती. पण ट्रॉलीवरचे मजूर हसले.

मी सौदा सुरू केला. अट पहिली, शटरपासून इंजिनापर्यंत चालायला वाट सोडायची. दादा म्हणाला, सोडली. खड्ड्यात कापूस टाकायचा नाही. नाही टाकत. स्टँडला हात लावायचा नाही. नाही लावत. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. ज्याला शब्द पाळायचा असतो तो माणूस घासाघीस करतो.

"आणि काढणार कधी?"

"भाव आला की."

यावर मी मान डोलावली. तालुक्यातल्या कुठल्याही माणसाने डोलावली असती. भाव आला की लेकीचं लग्न, भाव आला की पत्रे बदलू, भाव आला की दवाखाना. आमच्याकडे ही तारीख समजतात. इंजिनाच्या बोल्टवर मी तासभर वाद घालतो, पण कुठला भाव, किती भाव, हे मी विचारलं नाही. विचारणं अपमानाचं झालं असतं.

तेवढ्यात दुकानातून निरोप आला की गिऱ्हाईक बसलं आहे, आणि मी गेलो. संध्याकाळी आलो तर गॅरेज भरलं होतं. शटर उघडल्यावर पांढरी भिंतच. वाट नव्हती. जीपचा नुसता टप दिसत होता. मी फोन लावला.

"दादा, खड्डा?"

"तो भरला. लय कापूस मावते बे त्याच्यात! कायले खंदला होता तू?"

"आणि वाट?"

"सोडली होती. पण कापूस फुगते ना. आता कापसाले मी काय सांगू?"

पुढच्या रविवारी मास्तर आले. शटर वर केलं, बघितलं, खाली केलं. "यंदा तुमच्या जीपला चांगला उतारा आला," म्हणाले आणि निघून गेले. मग रविवारी कुणी येईनासं झालं. पिस्टन आले, रिंगा आल्या. त्या मी कपाटात ठेवल्या, बायकोच्या साड्यांखाली. तोवर घरात सगळ्यांनाच खाज सुटली होती. घरात भरलेल्या कापसाची खाज ज्याला माहीत आहे त्याला जास्त सांगायला नको. मुलगी कोपरापर्यंत लाल झाली. डॉक्टरांनी विचारलं, घरात काही नवीन आणलं का? मी म्हणालो, काही नाही, भाऊ आहे.

उन्हाळ्यात भाव चढला. मी फोन केला.

"आला भाव, दादा."

"चढून राह्यला, तर चढू दे की. चढत्या भावात कोणी इकते का?"

मग भाव उतरला. मी पुन्हा फोन केला.

"उतरत्या भावात इकू? येडा झाला काय तू? तूच तर व्यापारी माणूस हायेस."

मग तो बरेच दिवस एका जागी थांबला. दादा म्हणाला, थांबलेला भाव म्हणजे चढणारच. या तिन्ही उत्तरांत मला एकही खोट काढता आली नाही, आणि मी लोकांच्या बोलण्यात खोट काढून पोट भरतो.

पावसाळा लागला. हवेत ओल आली आणि मला इंजिनाची काळजी लागली. हाताने कापूस उपसून स्टँडपर्यंत जायचा प्रयत्न केला, पण खालून काढावा तितका वरून ढासळायचा. मांडीपर्यंत रुतलो, नाकातोंडात कापूस गेला. शेवटी बायकोने हात धरून ओढलं. "गाडीखाली येऊन मेलात तर निदान लोकांना सांगता येईल," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी गावी गेलो. भांडायला नाही, खोलीचं काम कुठवर आलं ते बघायला.

अंगणात पाहुणे होते. पुतण्याची सोयरीक ठरत होती आणि मुलीकडची मंडळी घर बघायला आली होती. दादा त्यांना कापसाच्या खोलीकडेच घेऊन चालला होता. भिंत कुठेही फुगलेली नव्हती. दाराची चौकट काढून तिथे नवं शटर बसवलं होतं, निळं. दादाने ते वर केलं आणि आत पुतण्याची नवी, मोठी, पांढरी गाडी उभी होती. खाली फरशी, वर पंखा. गाडीसाठी पंखा.

"पोराच्या गाडीले ऊन लागू नये म्हणून केलं," दादा व्याह्यांना सांगत होता. "आता इथं कापूस ठेवणं बंद. घर कसं साफ पाह्यजे."

व्याही म्हणाले, "मंग कापूस कुठं ठेवता?"

दादाने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मी त्याला दिसलो.

मी काय बोललो ते सगळं इथे लिहीत नाही. थोडक्यात, कापूस कुठे आहे ते मी व्याह्यांना सांगितलं, जरा मोठ्या आवाजात. माझं गॅरेज याची कापसाची खोली झालं आणि याची कापसाची खोली गॅरेज, हेही सांगितलं. विहिरीखालच्या रानाचा विषय निघायला नको होता, पण तो निघाला. वहिनी चहाचा ट्रे घेऊन मध्ये उभी राहिली. "भाऊजी, चहा घ्या. आधी चहा घ्या, मंग बोला." मी चहा घेतला आणि बोललो.

दादा हळू आवाजात म्हणाला, "काऊन बोंबलून राह्यला बे? पाव्हणे हायेत. उद्या नेतो."

"भाव आला का मग?"

"आला," तो दात आवळून म्हणाला.

दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याचा टेम्पो आला. कापूस ओलसर झाला होता आणि भाव त्या आठवड्यात वर्षातला सगळ्यात पडलेला होता. दादा शटरपाशी उभा राहून एकेक गाठोडं जाताना बघत होता आणि माझ्याशी बोलत नव्हता. दुपारनंतर मागची भिंत दिसायला लागली आणि मी आत धावलो.

इंजिनाच्या ब्लॉकवर फडकं नव्हतं. तेलही नव्हतं. चारही सिलिंडरमध्ये कापूस ठासून बसला होता. तो मी बोटाने ओढून काढला, तर बाहेर आला तो तांबडा. आत गंज होता, वरवरचा नाही, नखाला लागेल असे खड्डे पडलेला.

"फडकं कुणी काढलं?"

"मीच काढाले लावलं," दादा म्हणाला. कापूस भरला त्या दिवसानंतर तो माझ्याशी इतक्या सरळपणे पहिल्यांदाच बोलत होता. "तेल गळून राह्यलं होतं. कापसाले डाग लागला तर व्यापारी हात लावत नाई. मजुराइले सांगितलं, सारं कोरडं पुसून काढा. चांगलं आतून-बाहेरून पुसलं त्याइनं. स्वच्छ केलं तुयं इंजन."

मी ब्लॉक पुन्हा नांदुऱ्याला नेला. लेथवाल्याने आत बॅटरी मारली, बोट फिरवलं आणि हात पुसले. मी ब्लॉक परत आणला. आता तो स्टँडवरच आहे, मी परत तेल लावलं आहे, कशासाठी ते मला सांगता येत नाही. दुसरा ब्लॉक मिळेल. माझ्या दुकानातच दोन पडले आहेत. पण ते दुसऱ्या गाड्यांमधून मीच काढलेले आहेत.

पुतण्याचं जमलं. लग्नाची पत्रिका वहिनी घेऊन आली, दादा आला नाही. त्याने आमच्या सगळ्या नातलगांत सांगितलं आहे की धाकट्याने घाई केली म्हणून कापूस पडत्या भावात गेला, आणि त्याचं नुकसान धाकट्याने भरून द्यायला हवं. काही जण मला समजवायलाही येऊन गेले. एक मामा म्हणाले, "मोठा हाय तो, घे समजून. लोखंडाचं काय, लोखंड गंजतेच."

लग्नाला मी जाणार आहे. मांडवात सगळे बसले की मी त्याच्यासमोर उभा राहणार आहे, आणि त्याने चारचौघांत, माझ्याकडे बघून सांगायचं आहे. कापसाला डाग लागू नये म्हणून माझ्या इंजिनावरचं तेल पुसलंस. पुसताना मला फोन का केला नाहीस? दुकान फर्लांगभरही लांब नव्हतं. उत्तर दे, दादा. आणि भावाचं नाव काढू नकोस.