आधी बघ, मग हाकल

आमच्या पारल्याच्या कॉलेजात चिलटबाईंना कुणी केळं देऊ केलं, तर त्या म्हणायच्या, "ताजं नको गं, जरा सडकं बघ." आनुवंशिकता शिकवणाऱ्या बाईंचा सगळा जीव चिलटांत, म्हणजे फळांवरच्या त्या इवल्या माश्यांत. त्यांच्यासाठी बाई रवा-गूळ घालून शिरा शिजवायच्या, आणि आम्ही उपाशी पोरं दाराशी घुटमळायचो.

कँटीनमध्ये कुणी चहावरचं चिलट उडवायला हात उचलला की बाई मनगटच धरायच्या. "आधी बघ, मग हाकल. काय सांगावं, पंख वाकडे असतील!" चहा थंड व्हायचा.

एम.एस्सी.ला माझा प्रकल्प बिनडोळ्यांच्या चिलटांवर होता. बाईंच्या एका बाटलीत त्यांचा वंश वर्षानुवर्षं आपापसातच वाढत आला होता. परीक्षा तोंडावर आली आणि मी भिंगातून बघते तर काय, बहुतेकांना चांगले लालबुंद डोळे! वाट लागली. बाटली साबणाच्या पाण्यात ओतायला निघाले, तर मनगटावर बाईंचा हात.

"बाई, वर्ष गेलं माझं!"

"गप गं. डोळे घालवणारी जीन आहे तिथेच आहे. पण जीन काय एकटी राहते? तिच्या आजूबाजूला आख्खी चाळ असते. कुणी तिला चढवतं, कुणी आवरतं. या बाटलीत ज्यांना थोडंफार दिसलं त्यांची लग्नं पटापट जमली, म्हणून आवरणाऱ्यांचीच भरती झाली. आता बाहेरची सून आण."

स्टेशनजवळच्या केळेवाल्याकडून मी सुना पकडून आणल्या. तो बिचारा बघतच राहिला. पहिल्या पिढीत सगळ्यांना डोळे. मी रडलेच.

"सून आल्या आल्या घर मोडतं का गं? ती जीन आई-बाप दोघांकडून आली तरच डोळे जातात. नातवंडांपर्यंत थांब ना."

आणि नातवंडांत निघाली की बिनडोळ्यांची! आवरणारे शेजारी पांगले होते. मी पास झाले. बाईंनी पेढा आणला, अर्धा मला दिला, अर्धा सडायला ठेवला.

गेल्या वर्षी बाई गेल्या. आम्ही काही जुने विद्यार्थी कांदिवलीला त्यांच्या घरी गेलो. फोटोपुढची केळी काळी पडली होती. त्यांची सून वर्तमानपत्राने चिलटं हाकलायला लागली आणि आम्ही पिकल्या केसांचे सगळे एकदम ओरडलो, "आधी बघा!"

ती बिचारी दचकून मागे सरली. आम्ही चष्मे सावरत केळ्यांवर ओणवे झालो. चिलटांना डोळे होते की नव्हते, मला काही धड दिसेना. माझेच भरून आले होते.