धोंडिबाची खुर्ची

माझे चाचा गेले त्या संध्याकाळी रेडिओने सांगितलं, हायकोर्टात इंग्रजाच्या जागी बसलेले पहिले देशी मुख्य न्यायाधीश वारले. माले गावातल्या आमच्या घरात ते कुणाला ऐकवेना. मला तर रागच आला. त्या जागेपायीच त्यांनी आपलं माणूस गमावलं होतं.

चाचा विलायतेत कायदा शिकत होते तेव्हा आमचं खालचं गाव धरणात गेलं. माणसं वर डोंगराच्या कडेला आली, तिथल्या गायरानावर गुरं चारू लागली. पुढे सरकारने तेही काढून घेतलं, तेव्हा चाचांचा बालमित्र धोंडिबा गावाच्या वतीने कोर्टात गेला. खटला रखडला, मधे राज्य बदललं, चाचा मुख्य न्यायाधीश झाले आणि अपील नेमकं त्यांच्याच हायकोर्टात आलं. गावाने पेढे वाटले. चाचांनी मात्र ते प्रकरण दुसऱ्या न्यायाधीशांकडे दिलं. आपल्या गावचा खटला आपण ऐकायचा नाही, ही तर रीतच. शिवाय देशी माणूस त्या जागी बसला की आपल्याच माणसांचं बघणार, असं जाताजाता गोरे उघड बोलत, ते त्यांच्या मनात घर करून होतं. गाव हरलं. धोंडिबाने गुरं विकली.

निवृत्तीनंतर चाचा हट्टाने इथेच येऊन राहिले. ओसरीवर वेताच्या दोन खुर्च्या मांडायचे, एक स्वतःला, एक धोंडिबाला. तो रोज समोरून जायचा, मान वर करायचा नाही. एकदा चाचांनी हाक मारली. लहानपणी त्यांना ‘दादू’ म्हणणारा धोंडिबा रस्त्यातूनच म्हणाला, “आमचं ऐकून हरवलं असतं तरी चाललं असतं, जजसाब. तुमी ऐकलंच न्हाई.”

चाचा कित्येक दिवस धड जेवले नाहीत. मला म्हणाले, “मी चुकलो नाही गं… तेच सोसवत नाही.”

दफनाच्या दिवशी धोंडिबा काठी टेकत ओसरी चढला. मी खुर्ची पुढे केली. “बसा, काका.”

तो खुर्चीकडे बघत राहिला. “आता कुनाम्होरं बसू, पोरी?” म्हणाला, आणि उभ्याउभ्याच रडला.

चाळिसावाही होऊन गेला. खुर्च्या ओसरीवरच आहेत. चाचांच्या खुर्चीचा वेत खोल दबलाय, मधे तुटलाय. दुसरीचा अजून कोरा, ताठ आहे. रोज सकाळी मी दोन्ही पुसते.