नको असलेली पगारवाढ

आमच्या कॉलेजच्या मेसमध्ये पोळ्या करणाऱ्या शोभाताई काल स्टाफरूमच्या दारात उभ्या होत्या. हातात पगारवाढीचं पत्र होतं. इतकी वर्षं अर्थशास्त्र शिकवतोय, पण असं पत्र परत करायला आलेलं माणूस मी पाहिलं नव्हतं.

"सर, ऑफिसात तुमचं ऐकतात. मला ही वाढ नको म्हणून सांगा ना."

"का हो?"

"उत्पन्नाचा दाखला मर्यादेच्या वर गेला की पोरीची फीमाफी जाते. अख्खी जाते, सर. आणि वाढ एवढीशी."

मी नुकताच वर्गातून आलो होतो. श्रीमंतांवर कर वाढवला तर त्यांची काम करायची उमेदच जाते, हे फळ्यावर आलेख काढून समजावलं होतं. बोटांना खडू तसाच होता. माझा पगार वाढतो तेव्हा चढा कर फक्त वाढलेल्या भागावर लागतो, आधीच्या पैशाला कुणी हात लावत नाही. माझ्यासाठी किती जपून पायऱ्या बांधल्यात! शोभाताईंनी मात्र एक पाऊल वर टाकलं की सरळ कड्यावरून खाली. त्यांच्या उमेदीचा आलेख मी कधी काढलाच नाही.

ऑफिसात सांगितलं. वाढ रद्द झाली. "लई उपकार झाले, सर," म्हणून त्या पोळ्या लाटायला गेल्या.

आज पेपर तपासतोय. 'करामुळे काम करण्याची इच्छा कमी होते का? उदाहरण द्या.' सगळ्यांनी उद्योगपतीचं उदाहरण दिलंय, मीच शिकवलेलं. मी मुकाट्यानं पूर्ण मार्क देतोय.