मांजरीच्या मंगळावर

आमच्या महिला मंडळाच्या अंकात दरवर्षी कोणीतरी प्रवासवर्णन लिहितं. मागच्या वर्षी काश्मीर झालं, त्याआधी दुबई. यंदा माझी पाळी आली तेव्हा अध्यक्षबाईंनी विचारलं, कुठे जाऊन आल्या? मी म्हटलं, मंगळावर. त्यांना वाटलं मी थट्टा करते. थट्टा अर्धीच होती. पुण्याच्या अंगाला लागून मांजरी नावाचं गाव आहे. तिथे उसात एक मंगळ आहे आणि मी तो बघून आले. म्हणजे बाहेरून बघून आले. आत कोणाला जाऊ देत नाहीत.

माझी भाची शिवानी तिथे राहते. चार तरुण मुलांनी एका बंद घरात काही महिने असे काढायचे, जणू मंगळावरच राहतात. बाहेरची हवा नाही, बाहेरचं अन्न नाही, माणूस नाही. पुढेमागे खरोखर कोणी गेलं तर माणसाच्या मनाचं काय होईल, ते आधी इथे बघायचं. चौघांची प्रमुख आमची शिवू. आमच्याकडे मुलीला मंगळ असला तर लोक लपवतात, आम्ही मात्र गावभर सांगत होतो.

ही पोरगी लहानपणापासून तोंडावर बोलणारी. दुसरीत असताना गुरुजींना म्हणाली, काल तुम्ही शिकवलेलं चूक होतं. बघायला आलेल्या मुलाला विचारलं, तू दिवसातून किती वेळ फोन बघतोस? पाहुणे पोहे न खाताच उठले. पण एकदा मनात घेतलं की करूनच थांबते. या मोहिमेसाठी तिने नोकरी सोडली, तीन वर्षं झिजली. हे नीट पार पडलं तर तिला परदेशातल्या मोठ्या मोहिमेवर घेणार होते.

आणि एका सकाळी मोहिमेचे प्रमुख दाते सर यांचा फोन आला. आवाज अगदी सभ्य. म्हणाले, आपल्या मुलीने बंड केलंय, आपण येऊ शकाल का? माझ्या दादाच्या, म्हणजे तिच्या बाबांच्या, गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. वहिनीला त्याच्याजवळून हलता येईना. मग मीच सांभारवड्यांचा डबा घेतला आणि वर्ध्याहून गाडीत बसले.

पुणे स्टेशनला उतरले तर रिक्षावाल्याने आधी माझ्या पिशवीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मांजरी म्हटल्यावर म्हणाला, "तिकडून येताना रिकामं यावं लागतं." मी म्हटलं, मी परत येणारच आहे, थांबा तिथेच. तो म्हणाला, "माझंही घर आहे हो." पण नेलं. हडपसरची गर्दी पार करताना माझा जीव अर्धा झाला. मग एकाएकी ऊस लागला. एका बाजूला चौदा-पंधरा मजली इमारती आणि त्यांना चिकटून उसाची शेतं, असं मी कुठे पाहिलं नव्हतं. गॅलरीत वाळत घातलेल्या साड्या आणि खाली ऊसतोड चालू. रस्त्यावर वाढ्याचे (उसाचे हिरवे शेंडे, जनावरांना घालतात) भारे घेऊन बायका चाललेल्या. सगळीकडे गोडसर वास.

मंगळ कुठे आहे हे विचारायची मला लाज वाटत होती, पण रसाच्या गाड्यावरच्या बाईने पिशवी बघूनच ओळखलं. "त्या येड्या पोरांकडं आला का? सरळ जावा, कोंबड्यांचं शेड हाय त्ये." रस देताना म्हणाली, "पोरगी तुमची हाय व्हय? शेडात जायच्या आदी लई भांडली माज्याशी, बरफ घाणेरडा हाय म्हणून. खरं हुतं त्ये, बदलला मी." मला फार बरं वाटलं. परक्या मुलखात आपल्या माणसाचा असा माग लागावा.

पाचटातून (उसाची वाळलेली पानं) वाट काढत गेले. एक चप्पल पाटाच्या चिखलात रुतली, तिला ओढून काढताना तिचा अंगठा तुटला. मग पिन लावून पाय फरफटत मंगळावर पोहोचले. कोंबड्यांचं जुनं शेड, वरून पांढऱ्या पत्र्याने मढवलेलं. फाटकावर पाटी होती: आत मंगळ आहे. बेल वाजवू नये. ही पुण्याची पाटी, हे कोणी सांगायची गरज नव्हती.

दाते सर साठीच्या पुढचे, किडकिडीत. फाटकाजवळच्या खोलीत त्यांचा कारभार, तिला ते पृथ्वी म्हणतात. त्यांनी चहा मागवला आणि बंडाची हकिकत सांगितली.

आत रोज संध्याकाळी प्रत्येकाने पृथ्वीला आपलं मन कसं आहे ते बोलून कळवायचं, असा नियम. तिघं रोज सांगायचे, छान, उत्तम, काही तक्रार नाही. चौथा वेदांत, कोल्हापूरचा, सगळ्यांत धाकटा. त्याने एका संध्याकाळी सांगितलं, घुसमटल्यासारखं होतंय, काल रडलो. मोहिमेच्या समितीने ठरवलं, हा अयोग्य, याला बाहेर घ्या. त्यावर शिवानीने निरोप पाठवला, "खरं बोलणाऱ्याला काढलंत तर आत फक्त खोटं बोलणारे उरतील. जाऊ तर सगळे, नाहीतर कोणी नाही." आणि आतून कडी घातली. त्या दिवसापासून ते पृथ्वीचं ऐकतात, उत्तर देत नाहीत.

"उद्या दुपारपर्यंत दार उघडलं नाही तर मोहीम बंद," सर म्हणाले. "मग तिची पुढची निवडही गेली. मला ते नकोय. पण ती माझं ऐकत नाही."

मी म्हटलं, द्या तो माइक इकडे. तर म्हणे, मंगळावर आवाज पोहोचायला पाव तास लागतो. मी म्हटलं, शेड तर हे समोर दिसतंय, मी हाक मारते. सर म्हणाले, चालणार नाही. नियम मोडला तर मोहीम तिथेच संपते. या एका नियमावर सरकार आणि बंडखोर दोघांचं एकमत होतं.

मी माइकमध्ये सांगितलं, "शिवू, मी आत्या. मी आली आहो." पाच मिनिटं गेली. मला धीर निघेना. मी पुन्हा बोलले, ऐकू येते का वं? मग रागावले, दार काऊन लावलं म्हणून. मग बाबांचा गुडघा आता कसा आहे ते सांगितलं. मग पुन्हा रागावले. पाव तास आणि वर पाव तास झाल्यावर तिचा आवाज आला. तो माझ्या पहिल्या वाक्याला होता.

"आत्या, तू कशाला आलीस? बाबांकडे कोण बघतंय? मी दार उघडणार नाही. प्रवासात काही खाल्लंस का?"

मग मी आधीच करून बसलेल्या रागावण्याची उत्तरं एकामागून एक येत गेली, आणि तोपर्यंत माझा राग निघूनही गेला होता. मंगळावर माणसाशी भांडता येत नाही, हे मी तिथे शिकले. तिथे बोलायचं ते एकदाच, विचार करून बोलावं लागतं. आमच्या मंडळाच्या सभेत ही सोय व्हायला हवी.

संध्याकाळी बिबवेवाडीला मैत्रिणीकडे गेले. तिने गरम भाकरी आणि मटकीची उसळ वाढली. पुण्यात पाहुण्याला जेवायला घालत नाहीत म्हणतात, ते साफ खोटं. तिने तीनदा आग्रह केला. पण माझं मन जेवणात नव्हतं. सर वेदांतबद्दल बोलत होते, शिवू वेदांतबद्दल बोलत होती, समिती त्याच्याबद्दल ठरवत होती. त्या पोराचा आवाज मात्र मी दिवसभरात ऐकला नव्हता.

सकाळी सकाळीच मांजरी गाठली. सरांना म्हटलं, मला वेदांतशी बोलायचं आहे. या वेळी एकदाच बोलले. "वेदांत बाळा, मी शिवानीची आत्या. तुला राहायचं आहे का जायचं आहे? कोणाचं मन राखू नको, आणि घाई करू नको."

मग वाट बघत बसलो. सरांनी माझ्या चपलेकडे बघून आपल्या जादा स्लिपर पुढे केल्या. मी डबा उघडला. आत तर काही पाठवता येणार नव्हतं. सरांनी वडी खाल्ली आणि विचारलं, हे कोथिंबिरीचं आहे का? मी म्हटलं, आमच्याकडे त्याला सांभार म्हणतात. ते म्हणाले, "आमच्याकडे सांबारात इडली बुडवतात," आणि दुसरी वडी उचलली. मी हसले, पण लक्ष घड्याळाकडे होतं. दुपार जवळ येत होती. पोराने राहतो म्हटलं असतं तर शिवूचं जिंकणं होतं आणि मोहीम जाणार होती. जातो म्हटलं असतं तर तिची मान खाली जाणार होती.

शेवटी आवाज आला. कोवळाच होता.

"आत्या, मला घरी जायचंय. पहिल्या आठवड्यातच वाटत होतं. पण शिवानीताई माझ्यासाठी एवढी भांडली, मग तोंडातून निघेना. मला कुणी विचारलंही नाही."

सरांनी खुर्ची माइकजवळ ओढली. शेजारच्या शेतात ट्रॉली भरत होती, त्या माणसांचं हसणं ऐकू येत होतं. मला शिवूची फार माया आली. दुसऱ्यासाठी भांडणाऱ्या माणसाची अशी फजिती होते तेव्हा त्याच्याजवळ कोणीतरी असावं, आणि मी होते तर पाव तास लांब.

मग ती बोलली. आवाज खाली आला होता.

"आत्या, मी त्याला विचारलंच नाही. दार उघडते. त्याला एकदम उन्हात नेऊ नका, डोळ्यांना त्रास होईल. चहात साखर जास्त लागते त्याला. सर, तो नापास नाही, हे लेखी पाहिजे. आणि माझा राहिलेला रिपोर्ट आत्ता देते. मी रडते. रोज नाही, पण रडते. स्टोअरमध्ये जाऊन पाण्याचा पंप चालू करते, म्हणजे आवाज येत नाही. आता मला काढायचं तर काढा."

तिच्यामागून आत असलेली डॉक्टर मुलगी बोलली, तीही रडते. मग राहिलेला मुलगा म्हणाला, त्याला झोप येत नाही. सगळे एका दमात बोलले आणि थांबले.

दाते सरांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला. "पंप जास्त चालतोय हे आमच्या लक्षात आलं होतं," ते म्हणाले. "आम्ही गळती समजलो. प्लंबरला बोलावलं होतं."

मग त्यांनी समितीला फोन लावला. मी काही त्यांचं सगळं बोलणं ऐकलं नाही, पण एवढं ऐकलं की चौघांनाही काढायचं असेल तर आधी मला काढा, कारण रोज उत्तम आहे असं ऐकून मीच खूश होत होतो. फोन ठेवून त्यांनी माइक ओढला आणि आत कळवलं: वेदांतला सन्मानाने घरी पाठवू, तसं लेखी देऊ. मोहीम तिघांनी पुढे चालवावी. संध्याकाळी रडलो म्हणून सांगितलं तर कोणाला काढणार नाही, मजेत आहे म्हणून सांगितलं तर मात्र चौकशी होईल.

तिथे दारं दोन. आतलं उघडून वेदांत मधल्या जागेत आला, आतलं बंद झालं, मग बाहेरचं उघडलं. त्यामुळे शिवू मला दिसली नाही. आतली कडी परत लागल्याचा आवाज तेवढा आला. पोरगा डोळ्यांवर हात घेऊन सावलीत उभा राहिला. मी त्याला दुप्पट साखरेचा चहा दिला. त्याने उरलेल्या सगळ्या वड्या खाल्ल्या आणि मग उसाच्या बांधावर जाऊन नुसता उभा राहिला. त्याच्या आईचा फोन लागला तेव्हा मी तिकडे पाठ केली.

निघताना मी माइकवर एकच बोलले, की शिवू, तू चुकलीस आणि तू बरोबर होतीस, दोन्ही खरं आहे, आणि जेवत जा. उत्तरासाठी थांबले असते तर गाडी चुकली असती. मी थांबले. गाडी चुकली. ती म्हणाली, "आत्या, तू गेली का?" बस, एवढंच. वर्ध्याच्या आपल्या बोलीत. मी दुसऱ्या दिवशीच्या गाडीने आले.

घरी दादा पाय लांब करून कॉटवर बसला होता. वहिनी स्वयंपाकघरात होती. मी पिशवी ठेवायच्या आत त्याने विचारलं, कशी आहे पोरगी? असल्या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे ठरलेलं असतं आणि ते माझ्या तोंडाशी आलंही होतं. मी थोडा वेळ घेतला. मग सांगितलं, "रडते अधूनमधून. चांगली आहे."

दादाने भिंतीकडे तोंड केलं. मला वाटलं, हे त्याला सांगायला नको होतं. पाण्याचा तांब्या त्याच्याजवळ ठेवून मी आत जायला वळले, तेव्हा तो हळूच म्हणाला, "बस ना इथं. मले बी लय दुखते वं."