रिकामी डिस्क

लॅपटॉप माझ्या लग्नाआधीच्या कमाईचा होता. हे आधीच सांगून टाकते, कारण नांदुऱ्याच्या आमच्या घरात ते कुणाच्याही लक्षात राहिलं नव्हतं. तो घरचा लॅपटॉप होता. खरं तर दिराचा. दीर लग्नांचं शूटिंग करायचा आणि आख्ख्या तालुक्याची लग्नं माझ्या लॅपटॉपमध्ये कोंबून ठेवायचा.

त्या वर्षी मला घरी बसून करता येईल अशी नोकरी मिळायची शक्यता होती. निवडीसाठी एक प्रोग्राम लिहून द्यायचा होता आणि तो लिनक्स या विंडोजहून वेगळ्या सिस्टिमवर बनवायचा होता. विंडोज तसंच ठेवून लिनक्स टाकायचं, तर जागा हवी. मी ठरवलं, डीव्हीडी ड्राइव्ह काढायची आणि तिथे दुसरी डिस्क बसवायची. आतली डिस्क जोरात चालते आणि मुख्य म्हणजे ती कुणाला उचलून नेता येत नाही.

"वहिनी, ड्राइव्ह काढली त् लग्नवाल्या पार्टीले डीव्हीडी कुठून काढून देऊ?" दीर म्हणाला.

"बाहेरची डिस्क घे ना," नवरा मला म्हणाला. "काऊन वाद घालून राह्यली?"

झालं. ज्यांना एका मशीनवर दोन सिस्टिम म्हणजे काय हे माहीत नव्हतं, त्यांनी माझी डिस्क निवडली. वायरने जोडायची, तळहाताएवढी. हळू चालायची, पण चालायची. दुपारी सगळे झोपले की मी लिनक्स सुरू करायचे. काम जवळजवळ संपत आलं होतं. दुसरीकडे कॉपी ठेवावी, तर तेव्हाचं आमचं नेट फाईल वर चढवता चढवता मान टाकायचं.

मग सोनाळ्याला चुलत नणंदेचं लग्न निघालं. घरचे सगळेच गेलो. दिराने लॅपटॉपची बॅग उचलली, माझी डिस्क तिच्याच कप्प्यात होती. मांडवात त्याच्या कॅमेऱ्याचं कार्ड भरलं. त्याने डिस्क जोडली. लिनक्सची डिस्क विंडोजला वाचता येत नाही, ते सरळ विचारतं, फॉरमॅट करू का?

"मशीननं विचारलं, म्या हाव म्हनलं," दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर तो मला म्हणाला. "रिकामीच त् दिसत होती, वहिनी."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी ओरडले, रडले. डिस्कवर आता गच्च लग्न बसलं होतं, खालचं काही परत मिळणार नव्हतं आणि मुदत दोन दिवसांवर आली होती. नवरा म्हणाला, "पुन्हा लिही." त्यात काय होतं, हे घरात एकानेही विचारलं नाही. आजही आठवलं की हात शिवशिवतात.

संध्याकाळी पाहुणे जमले. टीव्हीला लॅपटॉप जोडून लग्न लावलं. वरात झाली, मंगलाष्टकं झाली, पंगत आली. पंगतीत मी होते. घामाने भिजलेली, बुंदीची बादली घेऊन वाकलेली.

"पाह्य वं, कशी झपाझप वाढून राह्यली," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या. सगळे हसले.

मी उठले आणि वायर उपटली. टीव्ही काळा झाला. डिस्क मुठीत धरून मी दाराकडे निघाले, तसे सासरे खुर्चीतून ताडकन उभे राहिले.

"अवं सांभाळून! पोरीचं आख्खं लग्न हाये त्याच्यात!"