सिस्टरांनी धरलेलं मनगट

आमच्या भोईवाड्यातल्या चाळीत सिस्टर म्हटलं की एकच बाई. तीस वर्षं वॉर्डात काढून निवृत्त झालेल्या. कोणीही दारात आलं की त्याचं मनगट धरायच्या, घड्याळाकडे बघायच्या आणि मिनिटभर त्यालाही गप्प बसवायच्या. आम्हाला वाटे, नाडी बघतात.

मला मोठ्या आतड्याच्या सुजेचा आजार. त्याची मी वही ठेवतो. तारीख, शौचाला किती वेळा, रक्त, वजन. नव्या गोळ्या सुरू झाल्या आणि दोन महिन्यांत नऊ वेळांवरून दोनवर आलो. खूश होतो. कोरडा खोकला लागला होता, जिन्यात धापही लागायची. पण शेजारी टॉवरचं काम चालू, धुळीने अर्धी चाळ खोकत होती.

ते आकडे कौतुकाने सिस्टरांना दाखवायला गेलो. त्यांनी मनगट धरलं. मिनिट संपल्यावर म्हणाल्या, "सव्वीस. बसल्या जागी मिनिटाला सव्वीस श्वास घेतोयस तू, सोळा-अठरा हवेत."

"तुम्ही नाडी मोजत होता ना?"

"श्वास मोजते म्हटलं की माणूस लगेच शहाण्यासारखा श्वास घेतो. खोकला कधीपासून?"

"महिना झाला असेल."

"असेल? बाकी सगळं तारीखवार, आणि खोकला अंदाजे?"

"वही पोटाची आहे, सिस्टर."

"गोळीला कुठे माहीत, आपण पोटापुरत्याच आहोत म्हणून?"

"मग बंद करू?"

"मनाने काही करू नकोस. डॉक्टरांकडे चल, आत्ता." आणि चपला घालून निघाल्यासुद्धा.

एक्स-रे झाला, स्कॅन झाला. फुप्फुसांना सूज होती, जंतुसंसर्ग सापडला नाही. हे औषध क्वचित असं करतं, म्हणत डॉक्टरांनी ते बदललं. आणखी उशीर झाला असता तर फुप्फुसांवर कायमचे व्रण राहू शकले असते, हेही सांगितलं. सहा आठवड्यांत खोकला गेला.

वहीत तेव्हापासून श्वासाचा एक रकाना आहे. सकाळी बायको माझं मनगट धरते, आणि नाडीच बघतेय असं दोघंही दाखवतो.

गेल्या वर्षी सिस्टर अंथरुणाला खिळल्या. शेवटच्या आठवड्यात मी शेजारी बसून त्यांचं मनगट धरलं. मिटल्या डोळ्यांनीच त्यांनी विचारलं, "किती?"

"नाडी ब्याऐंशी," मी थाप मारली.

"नाडी कोण विचारतंय रे?"

"...चौतीस."

"हं. लिहून ठेव," त्या म्हणाल्या, आणि हात माझ्या हातातच राहू दिला.

घरी येऊन लिहिला. माझ्या वहीतला माझा नसलेला तो एकच आकडा.