लिंबू आणि जीपचा हूक

वसतिगृहात कुणी लिंबू चिरलं की मला दसऱ्याच्या आदल्या दिवशीची ती सकाळ आठवते. झेंडूने भरलेली ट्रॉली काकांच्या जीपला जोडली, पण जीपचा हूक उंच होता. ट्रॉलीचं तोंड वर गेलं आणि फुलांचे क्रेट मागे सरकू लागले. वाटेत पडले असते तर सगळा झेंडू रस्त्यावर. काका म्हणाले, "चालतंय वहिनी, हळू नेतो." आईने पूजेचं लिंबू ट्रॉलीच्या फळीवर ठेवलं, ते गडगडत मागे गेलं. "लिंबू थांबंना, फुलं काय थांबतील भाऊजी?" काकांनी जीपच्या मागे मोठी लोखंडी पट्टी लावून हूक खाली घेतला, तर लिंबू पुढे पळालं. छोटी पट्टी लावली तेव्हा कुठे ते जागेवर बसलं. मग आईने तेच लिंबू चाकाखाली ठेवलं, आणि झेंडू नाशिकच्या बाजारात न सांडता पोचला. आता कॉलेजात पातळी मोजायला शिकवतात, तेव्हा वाटतं, बहुतेक हे मला थोडं येतं.